बिनखुणेच्या कांड्या

अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागलो तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. ही खात्री पुढं एका माणसाला भोवली. मला भोवली असती तर एवढं लिहायला बसलो नसतो.

तो माणूस म्हणजे आमचे सर. मी विद्यार्थी असताना त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं आणि पुढं त्याच कॉलेजात, त्यांच्या शेजारच्या प्रयोगशाळेत, मी नोकरीला लागलो. उंच, काटकुळा माणूस. दम्याचा विकार. बंद गळ्याचा खादीचा कोट आणि त्याच्या खिशात कायम खडूचे तुकडे. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. शिकवताना खोकल्याची उबळ आली की सर शांतपणे खोकून घेत आणि ज्या शब्दावर थांबले होते नेमक्या त्याच शब्दापासून पुढं सुरू करत. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. मी जरा जास्तच हुबेहूब करायचो.

काळ साठ सालाच्या आगेमागेचा. मुंबईजवळ अणुभट्टी सुरू झाल्याचं वर्तमानपत्रात येऊन गेलं होतं आणि अणू हा शब्द आमच्याकडे पानठेल्यावरही चघळला जात होता. लोक बॉम्बबद्दल बोलत, फुकट मिळणाऱ्या विजेबद्दल बोलत. सर बोलत ते भट्टीच्या पोटातल्या पोलादाबद्दल. तिथं न्यूट्रॉन नावाचे कण सारखे उडत असतात, ते पोलादातल्या अणूंना धक्के मारून जागेवरून हुसकतात, आणि अशी काही वर्षं गेली की चांगलं चिवट पोलाद ठिसूळ होऊन तडकतं. मग भट्टी कितीही हुशारीनं बांधा, तिची हाडंच मोडायची. यावर काय करावं याचा विचार जगातले मोठेमोठे लोक करत होते आणि अमरावतीत आमचे सर करत होते.

त्यांचं उत्तर होतं भस्म. धातू जळून जी राख उरते, वैद्य जिला भस्म म्हणतात, ती अतिशय बारीक करून पोलादात सगळीकडे सारखी पसरवायची. माझ्या पुस्तकांत तर लिहिलेलं होतं की पोलादातली राख म्हणजे घाण, ती काढून टाकावी. मी तसं म्हणालो. सर म्हणाले की जाडी राख ही घाण, बारीक राख हा आधार. मला पटेना, तेव्हा त्यांनी मातीच्या भिंतीचा दाखला दिला. नुसत्या मातीनं लिंपलेली भिंत वैशाखात भेगाळते. मातीत भुसा मळला तर भेग सुरू होते, पण काडीपाशी येऊन अडते. जागेवरून हुसकलेले अणूही असेच भस्माच्या कणांपाशी येऊन विसावतील आणि एका जागी गर्दी करून पोलाद फोडणार नाहीत.

"आणि भस्म आगीला भीत नाही," सर म्हणाले. "ते आधीच जळून बसलं आहे."

हे भस्म आम्हाला लग्नांमुळं मिळालं. वरातीत डोक्यावर घेतात त्या गॅसबत्तीची जाळी एकदा पेटली की तिचं सूत जळून जातं आणि उरते ती थोरियमची राख. तीच प्रकाश देते, तासन्‌तास आगीत राहते आणि तिला काही होत नाही. धक्का लागला तर मात्र चुरा होतो. सरांनी बत्त्या भाड्यानं देणाऱ्या दुकानदाराला सांगून ठेवलं की फुटलेली जाळी फेकायची नाही. तेवढ्यानं भागेना म्हणून ते आमंत्रण असो नसो, वरातींच्या मागं कागदी पुडी घेऊन फिरू लागले. सरांना उतारवयात लग्नांची हौस सुटली, असं गावात बोललं जाऊ लागलं. स्टाफरूममध्ये या गोष्टीवर हसणाऱ्यांत मी होतो. ही राख थोडीफार किरणं सोडते हे आम्हाला ठाऊक होतं, तरी आम्ही ती बोटांनीच चुरायचो.

पण भस्म आणि पोलाद एकजीव कसं करायचं? वितळवून जमत नाही, भस्म वर तरंगून येतं. दोन्हींची भुकटी करून महिनोन्‌महिने एकत्र दळायची, दाबायची, तापवायची आणि घणाखाली घालायची, हा एकच रस्ता. त्यासाठी लागणारी यंत्रं आमच्या कॉलेजात जन्मात आली नसती. ती होती अकोल्याला, एका जिनिंग-प्रेसमध्ये, आणि तिथले मिस्त्री सरांच्या ओळखीचे होते.

मिस्त्रीचाचा साठीकडे झुकलेले, मुसलमान कारागिरांच्या घराण्यातले. कपाशीपासून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींच्या सुऱ्यांना धार लावणं, मोडलेलं घडवणं, सगळं त्यांच्या हातचं. घरी उर्दू, बाजारात हिंदी, आमच्याशी वऱ्हाडी. सरांनी त्यांना दोन तास बसून सगळं समजावलं. चाचांनी एकच प्रश्न विचारला, की कण किती बारीक पाहिजे. सर म्हणाले, डोळ्यांना दिसला तर जाडा समजा. चाचा म्हणाले, "मंग रमजानपर्यंत दळा लागन."

त्यांनी लोखंडी पिंपात बेअरिंगच्या जुन्या गोळ्या भरल्या, कानशीखाली पडलेला पोलादाचा कीस आणि आमचं भस्म घातलं आणि पिंपाला जिनाच्या चालत्या शाफ्टवरून पट्टा दिला. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. तिकडं कपाशी पिंजली जात होती आणि त्याच ताकदीवर आमचं पिंप खडखडत होतं. शेजारी दुसरं पिंप नुसत्या किसाचं, तुलनेसाठी. शिमग्याच्या सुमारास ती भुकटी काजळासारखी झाली. मग जिथं रुईच्या गाठी दाबतात त्याच प्रेसखाली चाचांनी ती साच्यात दाबली, नळकांड्यात बंद करून कोळशाच्या भट्टीत तापवली आणि लाल असतानाच ठोकून तिच्या बोटभर लांब कांड्या घडवल्या.

सरांना धूळ सोसत नसे. म्हणून दर पंधरा दिवसांनी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला जायचो मी. चाचांच्या कामाच्या जागी कोपऱ्यात जुन्या सुऱ्यांचा ढीग असायचा आणि त्यातल्या प्रत्येक सुरीच्या टोकाला कानशीचा एक घाव दिसायचा. तो कशासाठी, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही. मी एम. एस्सी. होतो.

मधल्या काळात सरांनी मुंबईच्या त्या मोठ्या कार्यालयाशी पत्रव्यवहार केला होता. पंधरा-वीस पत्रांनंतर उत्तर आलं. सहा कांड्या पाठवा, तीन भस्माच्या आणि तीन साध्या. आम्ही त्या भट्टीत ठेवू, नंतर ताणून आणि वाकवून बघू आणि कळवू. जागा अपुरी असल्यानं हे एकदाच करता येईल. सरांनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. त्या दिवशी त्यांना खोकला आला नाही.

कांड्या आणायला मी गेलो. चाचा मला सोडायला अकोल्याच्या स्टेशनवर आले. तंबाखूच्या डब्यात रुई घालून त्यांनी सहा कांड्या ठेवल्या होत्या. मी झाकण उघडून बघितलं. तीन कांड्यांच्या टोकाला कानशीची बारीक खूण होती, तीन कोऱ्या होत्या. आमच्या प्रयोगशाळेत ज्या नळीत औषध घातलं असेल त्या नळीवर आम्ही खूण करतो, साधी तशीच ठेवतो. तेव्हा खुणेच्या त्या भस्माच्या. यात समजण्यासारखं काय होतं?

चाचा म्हणाले, "मास्तर, खुनेचं सांगतो, जरा ध्यान द्या."

मी म्हणालो, "समजलं चाचा. दिसून राहिलं मले."

गाडी शिटी देत होती, गर्दी होती, असं काही सांगून मला सुटता येणार नाही. गाडी यायला अजून दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत मी चाचांना न्यूट्रॉन म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

अमरावतीला आल्यावर मी यादी केली. माझं अक्षर सुरेख होतं. खुणेच्या तीन, भस्मयुक्त. बिनखुणेच्या तीन, साध्या. खाली माझी सही. सरांनी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून सहाही कांड्या बघितल्या, पण एवढे बारीक कण त्यात दिसणार कुठून? दोन्ही सारख्याच दिसल्या. डबा रजिस्टर पोस्टानं गेला.

उत्तर यायला वर्ष लागलं. सरांनी पत्र उभ्यानंच फोडलं. भस्मयुक्त कांड्या भट्टीत ठिसूळ झाल्या आणि लवकर मोडल्या, साध्या कांड्या मात्र बऱ्याच टिकल्या. म्हणजे भस्म घालून फायदा तर नाहीच, नुकसान आहे. पुढील प्रयोगाला जागा देता येत नाही, क्षमस्व. सर खुर्चीवर बसले. म्हणाले, "मिस्त्रीचा घण कुठंतरी जड पडला असेल." एवढंच म्हणाले, पण त्यानंतर त्यांनी अकोल्याचं नाव काढलं नाही. भस्माच्या वह्या कपाटात गेल्या. वरातींच्या मागं जाणंही थांबलं आणि त्यावरही लोक हसले. त्यांनी आठ वर्षं या एका कल्पनेवर काढली होती.

माझं मात्र त्यातून भलं झालं. मुंबईच्या त्या कार्यालयातल्या साहेबांना माझी यादी आवडली होती. इतकं नीटनेटकं काम करणारा माणूस आम्हाला हवा आहे, अर्ज करा, असं त्यांनी कळवलं. सरांनी शिफारसपत्र लिहिलं. उन्हाळ्यात मुलाखत होऊन आलो आणि नेमणुकीच्या कागदाची वाट बघत बसलो.

त्याच उन्हाळ्यात कॉलेजचा साचा आणि तराजू परत आणायला अकोल्याला गेलो. चाचांनी सामान बांधून ठेवलं होतं. वर एका चिंधीत उरलेल्या दोन कांड्या होत्या, एक खुणेची आणि एक कोरी. मी खुणेची उचलून विचारलं, की भस्माची एवढी एकच उरली का.

"थे तं साधी होय," चाचा म्हणाले. "घाव दिसत नाई का तिच्यावर? भस्माची ही कोरी."

चाचा सहज सांगत होते. हंगामात घाई असते, खराब सुरी कोणी चुकून मशिनीत लावू नये म्हणून तिला खूण करायची, ही त्यांच्याकडची वहिवाट. "चांगल्या मालाले घाव नाई घालत, मास्तर. ठेसनावर सांगून राहिलो होतो मी तुमाले."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काय झालं ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. ऐकून ते रागावले नाहीत. त्यांना बरंच वाटलं असावं. मी निकाल कळवला होता तेव्हापासून त्यांनाही घोर होता, की आपल्या हातून काय बिघडलं. म्हणाले, "आजच सांगा सरले. माह्या हाताले नाव ठेवलं तं ठेवू द्या. पन त्याइचं डोकं बरोबर होतं, हे त्याइले समजलं पायजे."

मी हो म्हणालो. अमरावतीला येऊन रविवारी कोऱ्या कांडीचा तुकडा आम्लात टाकला. पोलाद विरघळून गेलं आणि काचपात्राच्या तळाशी पिठासारखा पांढरा साका उरला. भस्मच ते. मी काचपात्र धुऊन जागेवर ठेवलं.

ते धुतलं तेव्हाच मला माहीत होतं की मी काय करतोय. खरं सांगायचं तर मुंबईला कळवावं लागणार. कळवलं की नीटनेटक्या माणसाची यादी उलटी निघणार. नेमणुकीचा कागद अजून यायचा होता. तो एकदा हातात पडू दे, मग सांगू. एवढाच हिशेब होता माझा, आणि तो तेव्हा मला फार व्यवहारी वाटला.

कागद आला. पेढे घेऊन सरांकडे गेलो. सरांनी शेंदूरजनाघाटची संत्री सोलून माझ्यापुढं ठेवली, मुंबईत कुठं राहशील, खाण्याचं काय, सगळी चौकशी केली. मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "अजून काही सांगायचं होतं का तुले?" सर कॉलेजात कधी वऱ्हाडी बोलत नसत, घरी बोलत. मी म्हणालो, नाही सर.

नोकरी पक्की व्हायला दोन वर्षं होती. पक्की होऊ दे, मग सांगू. पहिल्या रजेत त्यांना भेटलो, तेव्हा ते निवृत्त व्हायच्या बेतात होते. निघताना दारापर्यंत आले आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मुंबईहून येणारी गाडी अकोल्यावरूनच जाते. अकोलं आलं की मी खिडकीची झडप खाली ओढून घ्यायचो.

नोकरी पक्की झाली. मग कसली वाट बघत होतो ते मलाही सांगता येणार नाही. उशीर झाला म्हणून लाज वाटायची आणि लाजेमुळं आणखी उशीर व्हायचा. सर रिद्धपूरला बहिणीकडे राहायला गेल्याचं कळलं, दमा वाढल्याचं कळलं, तेव्हा तिसऱ्यांदा गेलो. खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते, वाक्य अर्ध्यावर तोडून श्वास घेत आणि पुन्हा त्याच शब्दापासून सुरू करत. मी घरून निघतानाच ठरवून आलो होतो. पण त्यांच्या बहिणीनं चहा आणला, शेजारचे लोक आले, आणि लोकांसमोर कसं बोलायचं, हे आणखी एक निमित्त मला मिळालं. लोक गेले. सरांनी माझ्याकडे मान वळवली.

"सांगायचं राहिलं हाय का काही?"

"नाही सर. तुम्ही आराम करा."

ते हसले आणि त्यांनी डोळे मिटले. दोन महिन्यांनी मुंबईत मला पोस्टकार्ड आलं, सर गेल्याचं.

दिवसांना रिद्धपूरला गेलो आणि परतताना अकोल्याला उतरलो. आता लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. मिस्त्रीचाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. सर गेल्याचं त्यांना माहीत होतं. मी बाकावर बसलो आणि म्हणालो, "चाचा, सरले सांगायचं राहूनच गेलं माह्याकडून."

चाचा हातातली कानस पुसत होते. ती त्यांनी खाली ठेवली.

"त्याइले ठाऊक होतं, मास्तर."

मी त्या उन्हाळ्यात साचा घेऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी ते स्वतःच अमरावतीला गेले होते. सर आपल्या हाताला दोष देतात हे त्यांना सहन होईना. मी सांगितलंच असेल असं समजून ते गेले, तर सरांना काहीच माहीत नाही. मग त्यांनीच सगळं सांगितलं. सरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि माफी मागितली. म्हणजे मी पेढे घेऊन गेलो त्याच्या आधीपासून सरांना सगळं माहीत होतं. समोर बसून संत्री सोलत होते तेव्हाही.

"मी म्हटलं, मुंबईले चिठ्ठी टाका, सर," चाचा सांगत होते. "तं म्हने, कागदावर त्याची सही हाय. नोकरी लागून राहिली त्याची, आता लिहिलं तं जाईन. थो येईन अन् सांगन. मंग मी अन् थो, दोघं सही करून लिहू."

"मंग तुमी काहून नाई बोलले मले?"

"त्याले इचारायचं नाई म्हने. त्याचं त्यालेच येऊ द्या."

जिनाचा हंगाम संपला होता, शाफ्ट बंद होता. कोपऱ्यात खुणेच्या सुऱ्यांचा ढीग तसाच होता. माझ्यातली खोट सरांना पाच वर्षं ठाऊक होती आणि त्यांनी माझ्यावर कानस चालवली नाही. उलट चांगला माल म्हणून मला मुंबईला पाठवलं आणि स्वतःची आठ वर्षं कपाटात बंद राहू दिली. त्यांना फक्त माझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं. तीनदा त्यांनी ते मागितलं.

मुंबईला परतल्यावर मी साहेबांना सगळं लिहून दिलं. आठवड्यानं त्यांनी बोलावलं. भट्टीतून निघालेल्या वस्तू किरणं सोडतात, म्हणून त्या कांड्या केव्हाच सिमेंटात पुरून टाकल्या होत्या, तपासायला काही उरलं नव्हतं. ते म्हणाले की नुसत्या तुमच्या आठवणीवर जुना अहवाल बदलता येत नाही, आणि हे आता कशाला उकरता. माझी नोकरी गेली नाही. कोणी रागावलंसुद्धा नाही.

पुढं परदेशातल्या नियतकालिकांत अशा पोलादाची चर्चा सुरू झाली. एका तरुण सहकाऱ्यानं उत्साहानं विचारलं की आपल्याकडे हे कोणी केलं होतं का. मी म्हणालो, हो, अमरावतीच्या एका सरांनी. त्यानं दप्तर काढून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला नम्रपणे सांगितलं की सरांची कल्पना चुकीची ठरल्याची नोंद आहे, खाली तुमचीच सही आहे. मी साहेबांना दिलेलं पत्र त्या दप्तरात नव्हतं. ते पत्र लिहिताना मी खाली दोन सह्यांची जागा सोडली होती. दोघं सही करून लिहू, असं सर म्हणाले होते. एक सही माझी होती.